चौथं लाल कार्ड

नियम बदलल्याचं पत्रक माया तायडेच्या फोनवर आलं तेव्हा बस मूर्तिजापूरच्या स्टँडवर उभी होती. दुपारचे साडेतीन झाले होते. चालक चहाला उतरला होता, आणि क्रीडाशिक्षकांच्या ग्रुपवर चार पानांची फाईल येऊन पडली होती. विभागीय शालेय मैदानी स्पर्धा उद्या सकाळी अमरावतीत सुरू होणार होती. बदल आज कळवले जात होते.

मायाने फाईल सुरुवातीपासून वाचली. पहिल्या दोन पानांवर रिले आणि लांब उडी होती. तिसऱ्या पानावर एक परिच्छेद चालण्याच्या शर्यतीचा. तो तिने दोनदा वाचला आणि शेजारी खिडकीला डोकं टेकून बसलेल्या रागिणीला हलवलं.

रागिणी खुमकर दहावीत होती. माया तेल्हाऱ्याच्या ज्या शाळेत अकरा वर्षं क्रीडाशिक्षिका होती, त्याच शाळेत. तीन हजार मीटर चालण्यात ती अकोला जिल्ह्यात पहिली आली होती. विभागातून पहिल्या दोघी राज्य स्पर्धेला जातात. गेल्या वर्षी ती तिसरी आली होती, चार सेकंदांनी. यंदा राहिली तर संपलं, कारण तिच्या वडिलांनी, भगवंतराव खुमकरांनी, स्पष्ट सांगितलं होतं: मैदान दहावीपर्यंत, पुढे अकोल्याला अकरावी सायन्स. राज्याला गेली तर मात्र विचार करू. हे ते मायासमोर बोलले होते आणि मायाने ते लक्षात ठेवलं होतं.

"ऐक," माया म्हणाली आणि उजव्या हाताची पाच बोटं पसरली. "पंच पाच असतात. दोन्ही पाय एकाच वेळी जमिनीवरून सुटले नाहीतर टेकल्या पायाचा गुडघा वाकला, का पंच लाल कार्ड लिहितो. आतापर्यंत तीन पंचांचे तीन लाल झाले का बाद. आता तीन झाले तर अर्धं मिनिट चौकोनात उभं ठेवतात. मंग पुन्हा सोडतात. चौथं आलं तरच बाद."

"म्हणजे एक लाल फुकट."

"फुकट नाही. अर्ध्या मिनिटात दुसरी पोरगी ऐंशी मीटर पुढे जाते."

रागिणीने पाच बोटांकडे पाहिलं. "अन् ज्यानं एकदा देल्लं, त्यानं परत देल्लं तर?"

"एका पंचाचं एकाच पोरीसाठी एकच धरतात."

"मंग तो असून नसल्यासारखाच."

"तसंच," माया म्हणाली. ती तोवर पुढचा परिच्छेद वाचू लागली होती.

दुसऱ्या दिवशी पावणेसातला, मैदानाच्या पायऱ्यांवर, पंचांची बैठक झाली. थंडी होती. मुख्य पंच सूर्यभान गावंडे निवृत्त शिक्षक होते, वय सहासष्ट. त्यांनी पत्रकाची छापील प्रत काढून मोठ्याने वाचली आणि घडी करून खिशात ठेवली. मुख्य पंच स्वतः कार्ड देत नाही. आलेली कार्डं मोजतो आणि निकाल दाखवतो.

पाचही पंच क्रीडाशिक्षक होते, माया त्यांच्यातलीच एक. विभागात चालण्याचे पंच म्हणून शिकलेली माणसं इतकीच, आणि त्यांच्यातल्या कोणाची ना कोणाची मुलगी शर्यतीत असायचीच. त्यावर त्यांनी फार वर्षांपूर्वी एक रीत काढली होती. आपल्या शाळेचं लेकरू आपल्या वळणावर आलं की पंचाने पाठ फिरवायची. ते पुढे गेलं की पुन्हा तोंड मैदानाकडे. त्यामुळे कोणी पक्षपात केला असं म्हणता येत नसे, आणि आपल्याच लेकराला बाद केल्याचं पापही कोणाच्या माथी येत नसे. नियमांच्या कुठल्याही पुस्तकात हे नव्हतं. पण नवीन पंचाला पहिल्या दिवशी सगळ्यात आधी हेच सांगितलं जायचं.

गेल्या वर्षी विभागीय स्पर्धा अकोल्याला होती. अमरावतीच्या वामनराव काळमेघांची विद्यार्थिनी प्राजक्ता त्यांच्या वळणावर दर फेरीला सरळ धावत गेली होती, आणि वामनराव दर फेरीला पाठ करून उभे होते. चार सेकंद तिथेच गेले, असं मायाचं मत होतं. तिने ते तेव्हा कोणालाही सांगितलं नव्हतं.

"सर, एक विचाराचं होतं," माया म्हणाली. "पाठ फिरवायचं काय?"

"त्याचं काय? ते आहे तसंच," वामनराव म्हणाले.

"तसं राहून जमत नाही. आधी पाचातले तीन लाल लागत. एकानं पाठ फिरवली तरी चार उरत, चारातले तीन होऊन जात. आता चार लागतात. एकानं पाठ फिरवली तर उरलेल्या चारही जणांनी द्यावं लागते. म्हणजे जिचे गुरुजी पंच आहेत तिले बाद करणंच होत नाही. अन् धारणीची पोरगी आली आहे, रुख्मिणी कासदेकर. तिचं इथं कोणी नाही. तिच्यासाठी पाचही डोळे उघडे."

धारणीच्या मुलीचं नाव तिने यादीत पाहिलं होतं, एवढंच. बोलताना तिच्या डोळ्यांसमोर प्राजक्ता होती.

"वा मॅडम!" वामनराव म्हणाले. "तेल्हाऱ्याले गणित बी तुमीच शिकवता काय?"

सगळे हसले. मायाही हसली, पण तिने प्रश्न मागे घेतला नाही. सूर्यभान गावंड्यांनी टोपी काढली, डोकं खाजवलं, परत घातली.

"बाई बरोबर बोलून राहिली," ते म्हणाले. "आजपासून पाठ फिरवनं बंद. सगळ्यांनी सगळ्यायले पाहाचं. आपलं असो का दुसऱ्याचं."

"पाहू नं," वामनराव म्हणाले. "पण मंग तुमी बी पाहा, मॅडम."

आठ वाजून वीस मिनिटांनी शर्यत सुटली. अकरा मुली, साडेसात फेऱ्या. मातीचा ट्रॅक, त्यावर पहाटे मारलेली चुन्याची पांढरी फक्की. शेवटच्या रेषेजवळ फक्कीनेच एक चौकोन आखला होता, आणि त्यात हातात स्टॉपवॉच घेऊन कबड्डीचे एक शिक्षक उभे होते. पंचांच्या जागा ठरलेल्या: एक रेषेजवळ, वामनराव पहिल्या वळणावर, एक पलीकडच्या सरळ बाजूला, एक पाण्याच्या टाकीशी, आणि माया शेवटच्या वळणावर, निंबाच्या झाडाखाली. प्रत्येकाच्या हातात ताकीद द्यायला पिवळी चकती, टेबल टेनिसच्या बॅटएवढी, आणि खिशात लाल कार्डांचा गठ्ठा. कार्ड लिहिलं की हात वर करायचा. टेबलावरचा माणूस येऊन घेऊन जातो.

मायाला एका जागी उभं राहवत नव्हतं. ती झाडापासून ट्रॅकच्या कडेपर्यंत आणि कडेपासून झाडापर्यंत येरझारा घालत होती.

प्राजक्ता, छातीवर सात नंबर, पहिल्या फेरीपासून पुढे गेली. मायाने तिच्या पायांवर नजर रोखून धरली. पहिली फेरी, दुसरी, तिसरी. गुडघा सरळ, पाय टेकलेला. वामनरावांनी वर्षभरात तिला नीट चालायला शिकवलं होतं. मायाच्या हातातली पिवळी चकती तशीच राहिली.

दुसऱ्या नंबरावर रागिणी होती, चार नंबर. तिच्या मागे तीसेक मीटरवर धारणीची रुख्मिणी, नऊ नंबर, बुटकी, खांदे अजिबात न हलवता चालणारी. रागिणी मायासमोरून गेली तेव्हा ठीक होती. पण दुसऱ्या फेरीत रेषेजवळच्या पंचाचा हात वर गेला. तिसऱ्या फेरीत टाकीपाशी गेला, आणि चौथ्या फेरीत पलीकडच्या सरळ बाजूला. कार्ड कोणाचं ते पंच बोलत नाहीत. पण रेषेजवळच्या फळ्यावर चार नंबरासमोर एक खूण पडली, मग दुसरी, मग तिसरी. मायाने दुरून मोजल्या. प्राजक्ताला गाठायच्या नादात पोरगी पाय सोडत होती.

सूर्यभान गावंड्यांनी रागिणीला हाताने चौकोन दाखवला. ती आत गेली. कबड्डीच्या शिक्षकांनी तिला जमिनीकडे बोट दाखवून काहीतरी सांगितलं. कबड्डीत बाद झालेला खाली बसतो. ते तिला बसायला सांगत होते. रागिणी मान हलवून नाही म्हणाली आणि चौकोनातल्या चौकोनात पाय आपटत फिरत राहिली. त्या तीस सेकंदांत रुख्मिणी तिच्यासमोरून गेली आणि पुढच्या वळणाला लागली.

रागिणी बाहेर पडली तेव्हा चार फेऱ्या उरल्या होत्या.

निंबाच्या झाडाखाली मायाने मनगटावरच्या घड्याळात पाहिलं. रुख्मिणी गेल्यावर रागिणी आली ती एकवीस सेकंदांनी. मायासमोर ती पुस्तकातल्या आकृतीसारखी चालत होती. टाच, तळवा, बोटं; गुडघा काठीसारखा सरळ. जरा हळूच. एकवीस सेकंद भरून निघणार नाहीत, मायाच्या मनात आलं. तिला वाईट वाटलं, आणि थोडं हलकंही वाटलं.

पुढच्या फेरीला अंतर पंधरा सेकंद होतं.

मायाने घड्याळ कानाशी नेलं, जणू ते बंद पडलं असावं. रुख्मिणी थकली नव्हती. तिची फेरी मागच्या फेरीइतक्याच वेळात झाली होती. रागिणी पुन्हा तिच्यासमोरून तशीच गेली, हळू, सरळ, सुरेख. मग हे सहा सेकंद कुठून आले?

तिने रागिणीवरून नजर काढली नाही. रेषेजवळच्या सरळ बाजूला ती लागली आणि तिचं डोकं वर-खाली होऊ लागलं. चालणाऱ्याचं डोकं एका रेषेत जातं. पहिल्या वळणावर, वामनरावांसमोर, डोकं पुन्हा स्थिर झालं. पलीकडच्या बाजूला गेल्यावर पुन्हा वर-खाली. टाकीपाशीही तसंच. मग निंबाचं झाड येईपर्यंत हळूहळू सरळ.

तीन हात वर गेले होते: रेषा, टाकी, पलीकडची बाजू. ते तिघे आता असून नसल्यासारखे. उरले होते दोन, वामनराव आणि ती स्वतः. रागिणीनेही ते हात पाहिले होते. मूर्तिजापूरच्या स्टँडवर पसरलेली पाच बोटं मायाला आठवली.

सातव्यांदा रागिणी समोरून गेली तेव्हा अंतर आठ सेकंद होतं. जाताना तिने मायाकडे पाहिलं. त्या नजरेत भीती नव्हती. आपण दोघी मिळून एक काम करतो आहोत, अशी ती नजर होती.

शंभर मीटरवरून डोकं हललेलं दिसतं, पाऊल दिसत नाही. आणि पाऊल स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्याशिवाय कार्ड लिहिता येत नाही. मायाला तिची जागा मुख्य पंचांनी नेमून दिली होती. ती तिथेच उभी राहिली असती तर कोणीही तिला काही विचारलं नसतं. तिच्या वळणावर रागिणी निर्दोष होती आणि हे तिने शपथेवर सांगितलं असतं. जागा सोडायला नियमाची मनाई नव्हती, तशी सक्तीही नव्हती.

शेवटच्या फेरीची घंटा वाजली.

माया ट्रॅक सोडून मैदानात शिरली. आधी चालत, मग पळत. मधे गोळाफेक चालू होती. "ओ मॅडम! ओ बाई! डोकं फोडून घ्याचं काय?" कोणीतरी ओरडलं. ती वळसा घालून गेली आणि पलीकडच्या सरळ बाजूला, आतल्या कडेला, जीपगाड्या उभ्या होत्या त्यांच्यासमोर जाऊन थांबली. तिथला पंच चहा पीत होता.

"मॅडम, तुमी इकडे?"

"तिकडून दिसत नाही."

"आता काय पाहाचं राह्यलं?" तो म्हणाला. "माह्याकडून तर देऊन झालं."

वळणातून रुख्मिणी आली. तिचे ओठ हलत होते. पावलं मोजत असावी. तिचा डावा पाय सुटायच्या आधी उजवा टेकत होता, प्रत्येक वेळी. ती पुढे गेली.

मग रागिणी. वामनरावांचं वळण संपलं आणि तिने दोन्ही हात कमरेखाली नेले आणि सुटली. सकाळचं ऊन तिरपं होतं. बूट आणि बुटाची सावली यांच्यामध्ये मायाला मातीची पट्टी दिसली. दोन्ही बुटांखाली, एकाच वेळी. एकदा नाही, पाच-सहा पावलं. ते पळणं होतं. त्यात शंकेला जागा नव्हती.

दहा पावलांवर रागिणीला ती दिसली. लगेच गुडघा सरळ झाला, कंबर फिरू लागली. मायासमोरून ती अगदी नीट गेली. या वेळी तिच्या नजरेत प्रश्न होता.

मायाच्या डाव्या हातात पिवळी चकती होती. ती दाखवता आली असती, ताकीद, बस. पण ताकीद शंका असताना द्यायची असते. तिने चकती काखेत धरली, खिशातून लाल कार्ड काढलं आणि गुडघ्यावर ठेवून लिहिलं. क्रमांक चार. वेळ आठ सदतीस. कारणाच्या रकान्यात नागमोडी रेघ, म्हणजे पाय सुटला. खाली सही. सही करताना पेन उमटेना, तिने दोनदा गिरवली. मग हात वर केला.

टेबलावरचा माणूस यायला वेळ लागला. कार्ड सूर्यभान गावंड्यांच्या हातात पडलं तेव्हा प्राजक्ता पहिली येऊन पाण्याची बाटली तोंडाला लावत होती, आणि रागिणी रुख्मिणीच्या खांद्याला खांदा लावून शेवटच्या सरळ बाजूला होती. रेषेच्या चार पावलं आधी रागिणी पुढे गेली. तिने दोन्ही हात वर केले आणि उडी मारली. ती खाली आली तेव्हा सूर्यभान तिच्यासमोर लाल चकती धरून उभे होते. म्हातारा धापा टाकत होता. फळ्यावर चार नंबरापुढे चौथी खूण पडली.

रुख्मिणी तिथेच मातीत बसली होती. आपण दुसरी आलो हे तिला दोनदा सांगावं लागलं.

निकालपत्रकावर सह्या करायला पाचही पंच टेबलाशी जमले. वामनराव मायाच्या शेजारी उभे होते.

"माह्या वळणावर तुमची पोट्टी एक नंबर चालली," ते हळू आवाजात म्हणाले. "मी कुठून लाल देऊ? तुमी तर मैदान पार करून गेल्या."

"हो."

"मी असतो तर नसतो गेलो. खोटं काहून बोलू?"

मायाने सही केली आणि पेन त्यांच्या हातात दिलं.

रागिणी मंडपाच्या मागे, पाण्याच्या ड्रमपाशी होती. रडत नव्हती. बुटांच्या नाड्या सोडत होती, पुन्हा बांधत होती, पुन्हा सोडत होती.

"तुमी तिकडे काहून आल्या?" तिने वर न पाहता विचारलं.

"पाहाले."

"तुमची जागा निंबापाशी होती."

"होती."

"तुमच्यासमोर मी एक पाऊल चुकली काय? सांगा नं. एक तरी?"

"निंबापाशी नाही."

"मंग झालं नं! तुमीच सांगतलं होतं. मी काय मनानं केलं?"

मायाला म्हणायचं होतं की मी नियम सांगितला, पळ असं नाही सांगितलं. पण बसमध्ये ती पुढचा परिच्छेद वाचत होती, आणि 'तसंच' हा शब्द तिच्याच तोंडून गेला होता.

"ते धारणीवाली माह्यापेक्षा हळू आहे," रागिणी म्हणाली.

"चालण्यात नाही."

रागिणीने नाडी इतक्या जोरात ओढली की ती तुटली. तुटलेला तुकडा तिने ड्रमवर फेकला.

मायाच्या पर्समधला फोन वाजला. भगवंतराव होते. आज त्यांच्या शेतात कापसाची वेचणी होती. मागे बायकांचे आवाज येत होते. माया काही बोलायच्या आत रागिणीने हात पुढे केला आणि फोन घेतला.

"बाबा... नाही. नाही झालं... दुसरी आल्ती, मंग बाद केलं... मॅडमनं." बराच वेळ ती ऐकत होती. मग तिने मायाकडे पाठ केली. "नाही, भांडू नका तुमी... कारण मी पळून राहिली होती, म्हणून. हो. तीन फेऱ्या." पुन्हा ऐकलं. "द्या म्हणून राहिले," असं म्हणत तिने न पाहताच फोन मागे धरला.

"बोला, भाऊ," माया म्हणाली.

"मॅडम, ते म्हणते का पळत होती. खरं आहे काय?"

"खरं आहे."

"तुमी स्वतः पायलं?"

"हो."

पलीकडे कोणीतरी गाठोडं उचलायला हाक मारत होतं. भगवंतराव त्याला "थांब जरा" म्हणाले. माया वाट पाहत राहिली. आता ते अकरावीचं बोलतील, विषय संपला असं म्हणतील. त्याला द्यायचं उत्तर तिने अजून तयार केलं नव्हतं. रागिणी एका पायात बूट आणि एका हातात बूट घेऊन ड्रमभोवती फिरत होती.

"सकाळपासून काही खाल्लं काय तिनं?" भगवंतरावांनी विचारलं.

"नाही," माया म्हणाली. "दोघींनीही नाही."

"मंग आधी खाऊन घ्या," ते म्हणाले. "बाकीचं इकडे आल्यावर बोलू. मले अजून काही ठरवता येऊन नाही राहिलं."

त्यांनी फोन ठेवला. ध्वनिक्षेपकावर एकोणीस वर्षांखालील मुलींच्या चालण्याच्या शर्यतीचा पहिला पुकारा झाला आणि पंचांना आपापल्या जागी जायला सांगण्यात आलं. मायाने पर्समधून पन्नासची नोट काढून रागिणीपुढे धरली. "गेटापाशी पोहे आहेत. जा."

रागिणीने नोट घेतली नाही. "तुमची शर्यत किती वाजेलोक आहे?"

"वीस मिनिटं लागतात."

"मंग थांबतो," रागिणी म्हणाली आणि हातातला बूट पायात घालू लागली.

पुकारा दुसऱ्यांदा झाला. माया ट्रॅककडे निघाली.